शेवटचा टाका उलटा

८ फेब्रुवारी
यांनी आज साहेबांशी ओळख करून दिली — "आमची मिसेस ब्रश विकते!" साहेब म्हणाले, "दातांचे?" सगळे खो खो हसले. मीही हसले. काय करणार! कॉम्प्युटरवर फोटोंच्या वह्या सजवणाऱ्या बायका असतात, त्यांना लागणाऱ्या वेली, शिक्के, कशिदा मी बनवते, एका क्लिकवर नक्षी उमटते, त्यालाच ब्रश म्हणतात — हे समोसा तोंडात असलेल्या माणसाला कोण समजावणार?

११ फेब्रुवारी
कशिद्याचा सेट तेवढा खपतो. बाकीच्यांना कुत्रं विचारत नाही. माहेरून आणलेल्या आईच्या अभ्र्यावरून स्कॅन केला होता. वर्णनात 'माझ्या हातचा कशिदा' लिहिलंय. लिहावंच लागतं.
प्रत्येक ओळीतला शेवटचा टाका उलटा पडलाय, तो मी मुद्दाम तसाच ठेवला. अशी खोड असली की चोर सापडतो.
आईला यातलं काही बोलले नाही. पोरगी कॉम्प्युटरवर नक्षी विकते, एवढंच तिला ठाऊक. ती भावाकडे असते. डोळ्यांपायी भरतकाम तर केव्हाच सुटलं तिचं.

१९ फेब्रुवारी
सापडली चोर! ब्रश विकणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर (सगळ्या आपापल्या दुकानाच्याच नावाने असतात) नवीन दुकान, तिथे कशिद्याचा सेट. मोठा करून पाहिला — शेवटचा टाका उलटा! तोच! फुलं वेगळी मांडलीत. बाईसाहेब हुशार, पण खोड पुसायला विसरल्या. आणि देतेय जवळजवळ फुकट. माझ्या पोटावर पाय!

२० फेब्रुवारी
दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. खाली लिहिलं — दुसऱ्याच्या कष्टांवर डल्ला मारताना लाज कशी वाटत नाही? बायका नुसत्या तुटून पडल्या. तिचं एकच उत्तर आलं, "हे मी स्वतः काढले आहे." मी विचारलं, "हो का? सुई कुठल्या बाजूने धरतात, माहीत आहे?" काय हसल्या सगळ्या!

२१ फेब्रुवारी
ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी तिला हाकललं. दुकानही बंद झालं. चांगली अद्दल घडली.
यांना सांगितलं. "अरे वा, दातांचे ब्रश वाचले!" या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

२५ फेब्रुवारी
वहिनीचा फोन. आई धड जेवत नाही म्हणाली.
दिवाळीत मोतीबिंदू काढल्यावर आईला स्पष्ट दिसायला लागलं. (मी बघायला गेले नव्हते. नवा सेट पुरा करायचा होता.) तिने पुन्हा सुई हातात घेतली. वहिनीने स्कॅन करून दुकान मांडून दिलं. "तुम्हाला वाढदिवसाला सांगणार होत्या हो — बघ, मीपण तुझ्या धंद्यात! आणि कुणा मेलीने चारचौघींत चोर ठरवलं त्यांना."
मी "हं" म्हणाले. मेली मीच.

२६ फेब्रुवारी
आईचा फोन. "तू त्यातलीच ना गं? त्या बाईला ओळखत असलीस तर सांग, मी कुणाचं चोरलं नाही. माझं बोट वाकडं, म्हणून शेवटचा टाका उलटा पडतो. तुला तर माहीतच आहे." मग म्हणाली, "तिचंही बोट वाकडं असेल गं, बिचारीचं."