दोन कुलपांची पेटी

मी, शेवटी सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा कुलूपदुरुस्ती व तिजोऱ्या उघडणे, असे लिहून ठेवतो की येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, काळजीचे कारण नाही. तिजोरीला हात घालण्याआधी मीही गिऱ्हाइकाला हेच सांगतो. माझ्या पश्चात माझ्या मिळकतीवरून व मुलीवरून ओढाताण होऊ नये, यासाठी हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. वकील लावलेला नाही. रद्दीतून कायद्याची पुस्तके आणून वाचली, तेवढी पुरेत. डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून नमूद करतो की आज सकाळीच पतपेढीचे अडकलेले कपाट न फोडता उघडून दिले.

या कागदावर खाडाखोड सापडणार नाही. काही चुकले तर पुढच्या कलमात दुरुस्त करीन. किल्लीचा दात जास्त कापला गेला तर त्यावर रंग मारून भागत नाही.

कलम १. दुकान व त्यावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित असून त्यांवर कोणाचा बोजा नाही. त्या माझी एकुलती एक मुलगी, वय वर्षे सोळा, हिला मिळाव्यात. घरीदारी तिला सगळे चिमटी म्हणतात, कारण रांगत होती तेव्हापासून टेबलावरचा माझा बारीक चिमटा पळवायची. बँकेतली शिल्लक तिच्या शिक्षणाला. ती सज्ञान होईपर्यंत सर्व व्यवहार माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने पाहावेत. दुकानाच्या जिन्याला कठडा नवा बसवला आहे, तो कोणी काढू नये.

कलम २. व्हाइस, कानशी, किल्ल्या कापायचे मशीन व तारांचा डबा हेही चिमटीला. तिला धंदा करायचा नसेल तर विकावे, पण एकरकमी, सुटे सुटे नाही. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला विकू नये. "तो काही शिकलेला नाही हो, नुसत्या तारा घालतो," असे तो गिऱ्हाइकांना सांगतो. त्याला मी काहीही देत नाही. माझ्या दुकानाची पाटी मात्र त्याच्या गल्ल्यावरून सरळ दिसते, ती तशीच ठेवावी.

माझ्या मेहुण्यांना अॅल्युमिनियमची शिडी देतो. ती त्यांच्याकडेच आहे. आता परत करायची चिंता नको.

कलम ३. माझी पत्नी, म्हणजे चिमटीची आई, शाळेत भूगोल शिकवते व तीन वर्षांपासून वेगळी राहते. जाताना तिचा पृथ्वीचा गोल माझ्याकडे राहिला. तिने तो परत मागवला, मी दिला नाही. त्याचा आस सैल झाला आहे, आणि नादुरुस्त वस्तू माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. दुरुस्तही मी केला नाही, हे खरे. तो तिला द्यावा.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

चिमटीला अकराव्या वर्षापासून फिट येतात. मेंदूच्या डॉक्टरबाईंनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लिहून दिली आहे. गोळीने फिट थांबते आणि मुलगी पेंगते. वहीवर डोके टेकते, विनोद सांगता सांगता शेवट विसरते. तिची आई म्हणते, "पेंगू दे. पडली तर नाही ना?" माझे म्हणणे, जी मुलगी धड जागीच नाही तिला सांभाळले म्हणजे काय सांभाळले? यावरून आम्ही वेगळे झालो असे मी म्हणणार नाही, पण एका छपराखालचे शेवटचे भांडण हेच होते.

वेगळे होताना, समेट घडवणाऱ्या बाईंसमोर ठरले की दोघांच्या संमतीशिवाय गोळीत फरक करायचा नाही. तोंडी संमतीवर माझा विश्वास नाही आणि माझ्यावर तिचा नाही. म्हणून मी पितळी पेटी बनवली. तिला दोन कुलपे. एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची तिच्याकडे. गोळ्यांचा साठा पेटीत, पेटी दुकानात. चिमटी एक आठवडा माझ्याकडे असते, एक आठवडा आईकडे. रविवारी ती इकडून तिकडे जाते, तेव्हा दोघांनी आपापली किल्ली लावायची व त्या आठवड्याच्या गोळ्या काढायच्या. पहिल्या रविवारी तिची आई दुकानाच्या दारातच थांबली.

"मी मुलीला न्यायला आलेय की बँकेतला लॉकर उघडायला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"छान. सही कुठे करू?"

मागच्या वर्षी, माझ्या आठवड्यात, चिमटीला दुकानाच्या जिन्यावर फिट आली. हनुवटीला टाके पडले. तेव्हा मी संध्याकाळची गोळी अर्धी करून देत होतो. करवतीच्या पातळ पात्याने कापायचो, चुरा नाही, कमीजास्त नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या आईने मला गाठले.

"गोळी दिली होती?"

"दिली होती."

"किती?"

"दिली होती म्हटलं ना."

"मी किती ते विचारतेय. आज डोक्यावर पडली असती तर जबाबदार कोण? सांगा ना. कोण?"

मी सांगितले, की परीक्षेसाठी मुलीला पहाटे उठवून तिची झोपमोड कोण करते, त्याने आधी उत्तर द्यावे. खुर्च्यांवरचे पेशंट आमच्याकडे बघत होते. टाके घालून चिमटी केव्हा बाहेर आली, ते दोघांनाही कळले नाही.

महिनाभर मी पूर्ण गोळी दिली. मग पुन्हा अर्धी सुरू केली, आणि तेव्हापासून आजतागायत एकही फिट आलेली नाही. पेंग म्हणावी तितकी उतरलेली नाही, पण उतरेल. तिची आई जगाला सांगत फिरते की हे तिच्या देखरेखीने झाले. पुरावा माझ्या बाजूने आहे.

सबब असे ठरवतो की माझ्या पश्चात चिमटीच्या औषधाबाबत माझा शब्द ताईकडे जावा. पेटीची माझी किल्ली ताईने ठेवावी व संध्याकाळची गोळी अर्धीच द्यावी. चिमटीच्या आईला यात एकटीने काही ठरवता येऊ नये.

कलम ५. पेटीचे वर्णन. मिळकतीचे वर्णन मोघम असले की भांडणे होतात, म्हणून पेटी टेबलावर घेऊन लिहायला बसलो. पितळी पत्रा, रिबिटे तांब्याची, आत तळाला हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेली. कुलपांची स्थिती लिहावी म्हणून किल्लीच्या भोकांना भिंग लावले आणि वर्णन तिथेच थांबले.

दोन्ही कुलपांत तारेचे ओरखडे होते. एकदा-दोनदाचे नव्हते, घासून गुळगुळीत झालेले होते. उजव्या हाताने तार चालवली की पिनांची एक बाजू घासते. इथे दुसरी बाजू घासलेली होती. आमच्या घरात डावखुऱ्या दोघीच, चिमटी आणि तिची आई. संसार होता तोवर तिची आई याच टेबलाच्या टोकाला बसून पेपर तपासायची आणि मधूनमधून माझे हात बघायची.

तिच्या कुलपाला मी तोवर हात लावलेला नव्हता. ते मला डोळे मिटून उघडता येते, म्हणूनच लावला नव्हता. आज लावला. आत गोळ्यांच्या पट्ट्या जागेवर होत्या. पण बनात एका कोपऱ्यात उचलली गेली होती आणि तिच्याखाली अर्ध्या गोळ्या होत्या. माझा काप नव्हे. कडा चुरलेल्या, भाजीच्या सुरीने कापलेल्या.

मी फोन केला. "माझी पेटी उघडलीस तू?"

"अहो, मी शाळेत आहे. हातात खडू आहे माझ्या. कसली पेटी?"

"आत अर्ध्या गोळ्या आहेत. तुझ्या सुरीने कापलेल्या."

ती म्हणाली, "येतेय मी. तिथेच थांबा."

आली ती हाताला खडू तसाच. अर्ध्या गोळ्या बघितल्या आणि माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

"तुम्ही अर्धी देता हे मला कळत नाही असं वाटलं होतं? टाके पडले त्या दिवशीच कळलं. तुमच्या आठवड्यात जेवढं कमी पडतं, तेवढं मी माझ्या आठवड्यात भरून काढते. संध्याकाळी दीड देते. औषधाच्या दुकानातून वेगळी पट्टी आणलीय."

"डॉक्टरबाईंना विचारलंस?"

"तुम्ही विचारलंत?"

"दीड म्हणजे काय खेळ आहे? मुलगी पेंगते ती तुझ्यामुळे!"

"आणि पडली ती कोणामुळे? एवढं वर्ष मी ती दीड दिली म्हणून ती उभी आहे."

"ती उभी आहे ती माझ्या अर्ध्या..." इथे मी थांबलो. तीही थांबली. अर्ध्या गोळ्या जर पेटीत होत्या, तर चिमटीच्या पोटात दीड गेली नव्हती. मग काय गेले होते?

चिमटी शाळेतून आली ती याच वेळी. तिने उघडी पेटी बघितली, मग आम्हाला दोघांना एका टेबलाशी बघितले. दुसऱ्या गोष्टीनेच ती जास्त दचकली.

"मला वाटलं, ऑपरेशन होईपर्यंत तरी कोणी उघडणार नाही."

"तू उघडतेस? कोणी शिकवलं तुला?"

"कोणी म्हणजे? सुट्टीत कंटाळा येतो म्हटलं तर जुनं कुलूप आणि दोन तारा कोणी दिल्या होत्या? बाबा, आईचं कुलूप अवघड आहे. तुमचं पटकन उघडतं."

तिच्या आईला हसू आले. ते तिने दाबले, पण मी बघितले.

"चिमटे, या गोळ्या इथे कशाला?" आईने विचारले.

"आई दीड देते. त्यातली अर्धी मी मुठीत ठेवते, नुसतं पाणी पिते. बाबा अर्धी कापून देतात, तेव्हा ही अर्धी वरून घेते. म्हणजे डॉक्टरबाईंनी लिहिलीय तेवढीच होते. बास."

"कधीपासून?" मी विचारले.

तिने उत्तरादाखल हनुवटीवरच्या व्रणावर बोट ठेवले.

"दप्तरात नाही का ठेवायच्या? त्यासाठी कुलपं उघडत बसायची?"

"दप्तर आई तपासते. कपाट तुम्ही तपासता. या पेटीला एकट्याने कोणी हात लावत नाही. घरात एवढी एकच जागा आहे."

तिची आई म्हणाली, "अगं पण आम्हाला सांगायचं ना."

"कोणाला? तुला सांगितलं असतं तर तू बाबांना बोलली असतीस. बाबांना सांगितलं तर ते तुला. डॉक्टरबाईंकडे तरी काय होतं? त्या मला विचारतात आणि उत्तर तुम्ही दोघं देता. मला पेंग नकोय, बाबा. पण मला पडायचं पण नाहीये. हे सांगायला मला आजवर कोणी तोंडच उघडू दिलं नाही." मग ती पेटीत बघत म्हणाली, "आणि गुरुवारी तुम्हाला काही झालं, तर? मग नुसती आईची दीडच राहील. उरलेली अर्धी मी घेऊन कुठे जाऊ?"

हे माझ्या मुलीने मला माझ्या मरणाबद्दल विचारले. मी भिंग पुसत बसलो. भिंग स्वच्छच होते.

कलम ६. वरील कलम चार मी रद्द करतो. ते वर जसेच्या तसे दिसेल, दिसू द्यावे. पुरावा माझ्या बाजूने आहे असे त्यात लिहिले आहे, तो पुरावा माझाही नव्हता आणि तिच्या आईचाही नव्हता. फिट आली नाही ती डॉक्टरबाईंच्या पूर्ण गोळीने, आणि ती गोळी पूर्ण केली चिमटीने.

माझ्या पश्चात चिमटीची आई हीच तिची पालक राहील. ताईने फक्त दुकान व पैसे पाहावेत, गोळीत पडू नये. गोळी डॉक्टरबाईंनी लिहिलेली, तेवढीच. दीड बंद झाल्याचे तिच्या आईने माझ्यासमोर कबूल केले आहे, अर्धी मी बंद केली आहे. पेंगेबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी मागे घेत नाही. ते डॉक्टरबाईंपुढे मांडावे, पात्याने मांडू नये. बुधवारी आम्ही तिघे तिकडे जात आहोत. आत गेल्यावर आधी चिमटी बोलेल. आई मध्ये बोलली तर मी टोकेन, मी बोललो तर आई टोकेल. यावर दोघांचे एकमत झाले, तीन वर्षांत पहिल्यांदाच. माझ्या पश्चात मला टोकण्याचे काम उरणार नाही, तेव्हा आईने स्वतःलाच टोकावे.

ऑपरेशननंतर मलाही रोज रक्त पातळ ठेवायची गोळी आहे. चिमटीने बजावले आहे, "ती मी देणार. आणि बाबा, पातं खाली ठेवा." हे मृत्युपत्राच्या कक्षेत येत नाही, तरी नोंदवून ठेवतो.

कलम तीनची अंमलबजावणी मी जिवंत असतानाच झाली. जाताना तिच्या आईने गोल काखेत घेतला. आस सैलच आहे.

कलम ७. पेटी, वर्णन वर दिल्याप्रमाणे, चिमटीला. दुरुस्ती: रिकामी पेटी. गोळ्या तिने आपल्या दप्तरात ठेवल्या असून दप्तर यापुढे कोणी तपासायचे नाही.

किल्ल्यांबाबत. माझी किल्ली मी आज व्हाइसमध्ये धरली आणि कानशीने तिचे दात सपाट केले. तिची आई दारापर्यंत गेली होती. तिथूनच ती बघत होती. गोल टेबलावर ठेवून तिने पर्स उघडली, आपली किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हिचेही," म्हणाली.

सबब पेटीबरोबर किल्ल्या दिलेल्या नाहीत. ती उघडते कशी, हे चिमटीला कोणी समजावू नये.

वरील सर्व वाचून, पुन्हा वाचून, साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करीत आहे. त्यांनीही माझ्या समोर सही केली आहे.

ठिकाण: दुकान, कामाचे टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर, सोमवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) समोरच्या दुकानातले चष्मेवाले. कलम चार खोडून टाका असे यांचे म्हणणे पडले. मानलेले नाही.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) शेजारच्या छापखान्याच्या मालकीणबाई. कागद न वाचता सही केली. मी तसे करू नका म्हणालो होतो.