काचेतली शिट्टी

४ जानेवारी

शिट्टी. सकाळपासून नुसती शिट्टी. पाण्याला एक, चहाला दोन, लांबलचक वाजली की मोरीकडे न्यायचं. लकवा झाला तेव्हा यांची वाचा गेली, पण फुंकर अजून मैदानावरचीच! जन्मभर कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवला, आता मला पळवतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, बोलायला लावा त्यांना. कसं लावू? तोंडात कायम ती. मेथी करपली. चांगली कोवळी होती, नेवाशाच्या बाईकडची.

९ जानेवारी

गोरक्षनाथ आला. जामखेडचा, यांचा जुना खेळाडू. डोक्यावर केस राहिले नाहीत, पण मला अजून तो चड्डीतलाच दिसतो. कॉलेजात यांच्या नावाचं दालन होणार म्हणे, वस्तू काचेत ठेवणार. लई आनंद झाला. ईद नसताना शिरखुर्मा केला. बूट दिले, टोपी दिली.

"चाची, शिट्टी पन द्या. शिट्टीबिगर सर कसले?"

यांनी मूठ आवळली. म्हटलं, घेऊन जा बाबा, माझे कान किटले. मूठ मीच सोडवली.

जाताना म्हणतो, "सरांचं 'गाढव' ऐकायला जीव तरसतो बघा." सगळ्यांना गाढवच म्हणायचे हे. कप जिंकून आणला तरी गाढव.

१० जानेवारी

घर कसं शांत. दुपारी झोप लागली.

१४ जानेवारी

शांत कसलं, डोंबल! पाणीसुद्धा मागत नाहीत. नातीने, तमन्नाने, बाजारातून नवी शिट्टी आणली, ती भिरकावली. घंटी दिली, ती उशाखाली. भिंतीकडे तोंड करून पडायचं. लग्नात जावई रुसत नाही एवढा. शेजारची झुंबरबाई तिळगूळ घेऊन आली, सवयीने "गोड बोला" म्हणाली आणि जीभ चावली. बिचारी.

उद्घाटनाला जाते आणि सरळ मागून घेते शिट्टी. लाज गेली खड्ड्यात.

२० जानेवारी

झालं एकदाचं दालन. गेल्या गेल्या बघते तर यांच्या फोटोला हार! जिता माणूस शेजारी खुर्चीत बसलाय. मीच काढला आणि गोरक्षनाथच्या गळ्यात घातला. हे हसले, लई दिवसांनी.

शिट्टी काचेत होती. मागणार, तेवढ्यात शेजारी एका रांगेत बूट दिसले. सगळे उजवे, डावा एकही नाही. वर पाटी. तमन्नाने वाचून दाखवली: ज्याचा उजवा पाय तरबेज, त्याचा उजवा बूट सर कुलपात ठेवत. डाव्या पायाने खेळता आल्याशिवाय परत मिळत नसे. तेच बूट पोरांनी आता दालनाला दिलेत.

"माझा बी त्यात हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "रडलो, पाया पडलो. न्हाई दिला."

"मग?"

"मग काय चाची, डावा आला की."

यांच्याकडे बघितलं. हे शिट्टीकडे बघत होते.

"तुमचं कायतरी काम हुतं ना माझ्याकडं?"

म्हटलं, काही नाही रे.

रिकाम्या हाताने आले. तमन्ना बोलत नाही माझ्याशी. "दादी, तू दुष्ट आहेस." असेन बाई. हे तर जेवलेच नाहीत.

२ फेब्रुवारी

चहात साखर टाकायची विसरले. खाटेवरून आवाज आला — "गाढव."

कपबशी हातातून सुटली. म्हटलं, ऐकू नाही आलं, पुन्हा म्हणा.