चौऱ्याऐंशी पावलं

बुधवार, ता. ४ जुलै

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे, शाळेच्या गणवेशांमुळे. बेचाळीस सदरे शिवले. काजं करून करून बोटांची चाळण झाली आहे. तू मात्र तिकडे बसून ताई विसरली म्हणून गाल फुगवले असशील, मला माहीत आहे.

समुद्राचं विचारलं होतंस. काय सांगू? दर भरतीला थोडी थोडी जमीन जाते. दुपारी मशीन थांबवलं की मागून धप्प असा आवाज येतो, म्हणजे कडेचा आणखी एक लचका गेला. आळीतल्या मावशींच्या घरामागचा धुण्याचा दगडही परवा गेला. सकाळी कपडे घेऊन गेले, तर दगडाच्या जागी नुसती हवा आणि खाली पाणी. तशीच बादली घेऊन परत आले आणि दिवसभर सुईत दोरा ओवता आला नाही. भीती वाटते रे. कुणाला सांगत नाही, तुला सांगते.

पण बाबांचा आकडा आहे म्हणून आळी शांत आहे. दर रविवारी ते मावशींच्या मागच्या दारापासून कडेपर्यंत पावलं मोजतात आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने आकडा लिहितात. दोन वर्षांपूर्वी एकशे तीस होती. आता चौऱ्याऐंशी. गेले तीन रविवार आकडा हललेला नाही. साठ झाली की अकराही घरांनी शाळेत जायचं, हे आळीने ठरवलंच आहे, कारण पलीकडच्या वस्तीची चाळीस पावलं जमीन एका भरतीत गेली होती. कुणी टेपने मोजू म्हटलं की बाबांना राग येतो. मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. टेप ताणला जातो, साखळी गंजते, माझं पाऊल अडीच फूट म्हणजे अडीच फूट, असं त्यांचं म्हणणं. लोकांचाही विश्वास आहे. जाळी विणणाऱ्या आपल्या मावशींचं घर सगळ्यांत कडेला, पण त्यांना काही फिकीर नाही. म्हणतात, तुझे बाबा मोजतात तोवर मी पाय पसरून झोपते.

बाकी बाबांची तब्येत ठीक. दुधाला जायला मात्र पाऊण तास लावतात. मी चिडवते की बैलगाडी लवकर पोचेल. ते हसत नाहीत हल्ली, चेहराच मेला हसत नाही.

तुझी खुशाली कळव. ताईवर माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई

ता. क. आकडा ८४. आळी सुरक्षित. काळजी नसावी. – बाबा


बुधवार, ता. ११ जुलै

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. गाल फुगवले नव्हते, फक्त एक फुगवला होता.

आता चेष्टा पुरे. ताई, मी हे पत्र तीनदा लिहून फाडलं. बाबांची ता. क. वाचायला मला खिडकीशी जावं लागलं. पहिलं अक्षर धड आहे, पुढची बारीक होत होत शेवटी मुंगीएवढी. हे तेच बाबा ना, ज्यांचं अक्षर नकाशावर हातभर लांबून वाचता यायचं?

दुसरं. धुण्याच्या दगडापर्यंत लहानपणी मी रोज बादल्या वाहिल्या आहेत. मी कुरकुर केली की बाबा म्हणायचे, मावशींच्या दारापासून सत्तर पावलांवर तर आहे, सत्तर पावलांनी कुणी मरत नाही. तो दगड समुद्रात गेला असेल, तर कड सत्तरच्या आत आली. मग चौऱ्याऐंशी कुठून येतात?

आमच्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपमध्ये माझं दिवसभराचं काम म्हणजे माणसं कशी चालतात ते बघणं. शेजारच्या खोलीत कंपवात झालेली म्हातारी माणसं येतात, त्यांचं पाऊल लहान होत जातं, अक्षर लहान होतं, चेहऱ्यावरचं हसू जातं. त्यांचं त्यांना कळत नाही. शपथेवर सांगतात की आम्ही पहिल्यासारखेच चालतो. बाबा खोटं मोजत नाहीत. ते चौऱ्याऐंशीच मोजतात. पण पाऊल अडीच फुटांचं राहिलेलं नसेल, तर?

देव करो आणि मी चुकलेला असो. पण त्यांच्या चपला उलट्या करून बघ, पुढचा भाग झिजलाय का. आणि तुझा शिवणाचा टेप घेऊन एकदा मोज. बाबांना सध्या सांगू नकोस, आधी मोज. मला इथे जेवण जात नाही.

बाबांना शि. सा. न. सांग. रागावलीस तरी चालेल, पत्र धाड.
तुझा धाकटा


बुधवार, ता. १८ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मोजलं. आज दुपारी, बाबा आडवे झाल्यावर. माझा टेप पाच फुटांचा. पंचवीस वेळा जमिनीवर टाकला आणि वर एक फूट उरला. एकशे सव्वीस फूट. बाबांच्या जुन्या पावलाने पन्नास.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. कडेशी पोचले तेव्हा खाली बघवेना, गुडघ्यांवर बसून शेवटचा टेप टाकला. चपलांचंही तुझंच खरं. टाचा शाबूत आहेत, पुढचा भाग कागदासारखा झालाय. मी आंधळी. रोज त्याच चपला दारातून उचलून ठेवते आणि बैलगाडीचे विनोद करते.

मावशी ओसरीवर जाळं विणत होत्या. काय मोजतेस गं, म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की कपडे वाळत घालायला दोरी बांधायची आहे. त्यांना खरं सांगितलं असतं, तर पाच मिनिटांत आळीभर झालं असतं आणि ते बाबांना बाहेरच्यांकडून कळलं असतं. ते मला नको होतं. फळ्यासमोर उभे राहून ते आकडा लिहितात तेव्हा त्यांची पाठ बघितली आहेस? निवृत्त झाल्यापासून तेवढीच पाच मिनिटं ती ताठ असते.

म्हणून मी असं ठरवलंय की रविवारी ते मोजायला निघाले की मीही टेप घेऊन सहज सोबत जाईन. तुमचं पाऊल बरोबर की माझा टेप, बघू या तरी, असं हसत हसत म्हणेन. चूक त्यांची त्यांनाच सापडू दे. मग ते स्वतःच्या हाताने फळा पुसतील. तीन-चार दिवसांचाच प्रश्न आहे. समुद्र आज तरी गप्प आहे.

बरोबर करते आहे ना रे मी? रात्रंदिवस तोच आकडा डोक्यात आहे. शिवताना टाके मोजायला लागले तरी पन्नासला थांबते.

लवकर लिही. तुझ्या धिराची गरज आहे.
तुझी ताई


शुक्रवार, ता. २० जुलै

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. रविवारची वाट बघू नकोस. उद्या पौर्णिमा आहे, दुपारी मोठी भरती, आणि रेडिओवर वाऱ्याचा इशारा दिला आहे. तुमच्या पोस्टात फोन लावतोय, लाइन मेली आहे. हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतो आहे, घाटात रस्ता सुरू असेल तर पोचेल.

बाबांचा मान मागाहून सांभाळू. आजच्या आज आळीला सांग. मावशींना सगळ्यांत आधी. पाया पडतो.

तुझा
धाकटा


बुधवार, ता. २५ जुलै
शाळेतून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र कंडक्टरने सोमवारी आणून दिलं. दोन दिवस दरडीपलीकडे अडकला होता बिचारा.

बाबा आणि मी सुखरूप आहोत. आळीतले सगळे चौथीच्या वर्गात आहोत. मावशी गेल्या.

शनिवारी सकाळपासून वारा होता. अकराच्या सुमारास कडेवरून पाण्याचे शिंतोडे माझ्या खिडकीवर आले तेव्हा मी मशीन सोडून धावले. घरोघरी ओरडत सुटले की पन्नासच पावलं उरली आहेत, निघा. लोक निघाले. कुणी गाठोडं, कुणी नुसता रेडिओ, हातात येईल ते घेऊन. मावशींकडे गेले तर त्या मागच्या खोलीत जाळ्याच्या गाठी मारत बसलेल्या. मी म्हटलं की मी स्वतः मोजलंय, पन्नास आहेत. त्या हसल्या. म्हणाल्या की कधी मोजलंस, बुधवारी तर दोरीसाठी मोजत होतीस, आणि तुझ्या बाबांचे चौऱ्याऐंशी रविवारीच फळ्यावर आहेत. ओळ पुरी करून येते म्हणाल्या. मी हात धरून ओढलं. तेवढ्यात बाबा रस्त्यात पडल्याचं कुणीतरी ओरडलं आणि मी हात सोडला. बाबांना शाळेच्या पायरीवर बसवून मागे वळले, तर मावशींचं घर अर्धंच उभं होतं. मागची खोली नव्हती.

आणखी तीन घरं गेली. आपलं उभं आहे, पण आत कुणी जाऊ देत नाही.

संध्याकाळी बाबांनी मला विचारलं की तू पन्नास म्हणत होतीस, ते कधी मोजलंस. मी म्हटलं, आज सकाळी. त्यांनी टेप बघायलाही मागितला नाही. उठले, वर्गातल्या सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की माझं पाऊल आखूड झालं आणि मला कळलं नाही, मावशींचा जीव माझ्यामुळे गेला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं रे. तेव्हापासून बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात.

मी बुधवारी मोजलं होतं हे फक्त तुला माहीत आहे. ते पत्र तुझ्याकडे आहे. फाडून टाक. किंवा नको फाडू. मला काहीच कळत नाही. मी तोंड उघडलं की बाबांसमोर तेच बाहेर पडेल म्हणून मी त्यांच्याशी बोलतच नाही, आणि त्यांना वाटतंय की मी रागावले आहे.

तुझी ताई


रविवार, ता. २९ जुलै

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलेलं नाही. फाडणारही नाही. पण ते मी कुणाला दाखवणार नाही, हेही खरं.

चूक एकट्या तुझी नाही. आधी मोज, बाबांना सांगू नकोस, हे मीच लिहिलं होतं. मावशींनी लहानपणी मला किती वेळा पदराखाली घालून तुझ्या माराच्या तावडीतून सोडवलं, ते आठवून मी वर्कशॉपच्या मागे जाऊन रडलो.

सल्ला मागतेस तर सांगतो. बाबा दोघांचं ओझं एकटे वाहताहेत, आणि त्यांचे पाय आधीच थकले आहेत. रस्ता सुरू झाला की मी येतो, त्यांना इथल्या डॉक्टरांकडे आणायचं आहे. तोवर थांबायचं की नाही, ते तूच ठरव. तू काहीही केलंस तरी तू माझी ताईच आहेस.

तुझा धाकटा


गुरुवार, ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल तुझं पत्र मिळालं आणि काल दुपारीच मी बाबांना सांगितलं. व्हरांड्यात शेजारी बसून, सगळं. बुधवारचा टेप, दोरीचं खोटं, रविवारचा बेत, हात सोडला ते, आणि संध्याकाळी त्यांच्याशी बोललेलं दुसरं खोटंही. सांगताना समुद्राची वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

मग त्यांनी विचारलं की टेप ताणून धरला होतास का. उताराशी काय केलंस. शेवटचा फूट इंचांत मोजलास की अंदाजाने. खात्यात नव्या माणसाला विचारावं तसं विचारलं. मी सांगत गेले. शेवटी म्हणाले की मोजणी बरोबर आहे.

मावशींची लेक आज संध्याकाळी येते आहे. तिला मी स्वतः सांगणार आहे. तिने तोंडात मारली तरी ती माझ्या वाट्याची. बाबा म्हणाले की मी शेजारी बसेन.

मग बाबा आणखी एक बोलले, ते तुला लिहायचं म्हणून हे पत्र. म्हणाले की बुधवारी सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं. शिवणाचा टेप ढिला पडलाय म्हणून तुलाच हसलो असतो, आणि फळ्यावरचा आकडा तसाच ठेवला असता. तेव्हा त्या दिवसांचा हिशोब तू धरू नकोस. एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, तो आता नेहमीच थरथरतो.

धाकट्या, शनिवारी त्यांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला होता. टेप बघितलाही नव्हता. बुधवारीही ठेवला असता, हे त्यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे. आयुष्यभरात मोजमापाच्या बाबतीत बाबा खोटं बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

लवकर ये. दोघांवरही लोभ राहू दे, आम्हाला त्याची गरज आहे.
तुझी ताई