जेवणासोबतचा चहा

आई,

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला जेवणासोबत चहा प्यायला सांगितलं. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, म्हणून तुलाच सांगतोय. तुझी सून गेल्यापासून घरात ऐकायला दुसरं कोणी नाही. अंगात लोह फार साठलंय म्हणे. मला वाटलं, अंबडच्या कारखान्यात जन्मभर लेथवर लोखंड कापलं, त्याचाच कीस पोटात गेला असेल. डॉक्टर हसले. म्हणाले, "शेठ, तुमच्या कारखान्याला माल आत यायचं गेट आहे तसं बाहेर जायचंही आहे. शरीरात लोहाला फक्त आत यायचं गेट असतं. गोदाम भरलं की तिथला वॉचमन ते बंद करतो, रिकामं झालं की उघडतो. तुमचा वॉचमन जन्मापासून झोपलाय." आता अधूनमधून रक्त काढून घ्यायचं, तोच खरा इलाज. शिवाय लोखंडी कढईतला स्वयंपाक बंद. जेवताना चहा घेतला तर लोह थोडं कमी शिरेल, एवढंच.

तुझा वॉचमन मात्र गेट सताड उघडून उभा असणार. मालच येत नव्हता. मी शाळेत असताना कळवणच्या डॉक्टरांनी तुझी पापणी खाली ओढून पाहिली, आतून पांढरीफटक. ते रागावलेच. भाकरीबरोबर चहा पिता, तोच लोह अडवतो. चहा मागाहून प्या, पालेभाजी खा, वर लिंबू पिळा. तू शहाण्यासारखी मान डोलावलीस. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणालीस, "लिंबू पिळायला भाजी तर उरली पायजे." आणि हसलीस. मीही हसलो.

माझे कान तेव्हापासूनच तिखट. आज मशीनचं बेअरिंग जायला आलं की मला केबिनमध्ये बसून कळतं. त्या दिवसांत मी दारातल्या ओट्यावर अभ्यासाला बसलेला असतो, आत सगळे जेवून उठलेले असतात, आणि कढईत तुझं उलथनं फिरतं. भाजी असली की आवाज ओला येतो. नुसतं लोखंड खरवडलं की कोरडा. कोरडा आला की मागोमाग कपबशी वाजते, म्हणजे तू चहात भाकरी बुडवणार. बाबांनी कधी विचारलंच तर तुझं ठरलेलं, "मला नाय लागत भाजी. चहाच गोड लागतो."

आज दुपारी मी तसंच जेवलो. नाही लागत गं गोड.

हा कागद तुझ्या कढईखाली ठेवून देतो. ती माळ्यावर टाका, असं डॉक्टर म्हणाले होते. मी टाकलेली नाही. स्वयंपाक दुसऱ्या भांड्यात करतो, तेवढं पथ्य पाळतो. पण जेवण उरकलं की त्या रिकाम्या कढईत उलथनं एकदा फिरवतो. कोरडा आवाज येतो. आणि मग मी कपबशी वाजायची वाट बघत बसतो.