शिडीबद्दल सांगितलं ते

प्रिय आई,
तुझ्या पाया पडतो. आज लिहू, उद्या लिहू करत महिना घालवला, रागावू नकोस. मी ठणठणीत आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

इथे दर रविवारी वर्णभेदाविरुद्ध वस्तीची सभा भरते. खुर्च्या गोल मांडतात आणि प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं. मी आपला चहाबिस्किटांसाठी जायचो, हसू नकोस. काल माझी पाळी आली. मुकादमाने "काळ्या, तू चढ" म्हणत माझ्या कामावरच्या जोडीदाराला मोडक्या शिडीवर चढवलं आणि तो पडून मेला, हे सांगून टाकलं. इतके दिवस मीही "पाय घसरला" म्हणत होतो. आज कामावरून काढलं. दुसरं मिळेल.

थांब, दार वाजलं.

मुकादमाची बायको आलीये, एकटीच. म्हणते, "काल सांगितलंस ते मलाही सांग."

तुझा,
भटक्या