काठाचे पुठ्ठे

प्रिय अक्का,

अक्षर हलतंय, सांभाळून वाच. केमच्या स्टेशनावर बाकड्यावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून लिहितोय. इथलं कुंकू लई नावाजलेलं, आईसाठी एक पुडी घेतली. बघ, सांगायचं एक आणि मी कुंकवावर घसरलो.

आज सकाळी तुला सलाईन चालू असताना डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. तुझ्या रक्तात नेमकं काय बिघडलंय, हे मीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, होमिओबॉक्स नावाची काही जनुकं असतात. आईच्या पोटात बाळ घडताना हात कुठं, मणका कुठं, हे ती ठरवतात. त्यातलंच एक पुढं हाडांच्या गाभ्यात नव्या रक्तपेशींना वाढवतं आणि पेशी पिकत आल्या की गप बसतं. तुझ्यात ते गप बसेना. म्हणून पेशी कोवळ्याच राहतात आणि वाढत सुटतात. तोच हा कॅन्सर. ज्यानं तुला घडवलं तेच, अक्का.

बाई बोलत होत्या आणि मला आपला चादरीचा माग दिसत होता. नक्षी उतरवणाऱ्या जकार्डवर काठाचे भोकं पाडलेले पुठ्ठे चढवून मी रस्त्यावरचा हत्ती बघायला पळालो होतो, आठवतं? काठ संपला तरी पुठ्ठे तसेच, आणि चादरीच्या मधल्या मोराच्या पोटातसुद्धा काठच विणला गेला. पुठ्ठ्यांची भोकं बरोबर होती की, फक्त वेळ टळून गेली होती. बाबा पट्टा काढून आले तेव्हा तू म्हणालीस, पुठ्ठे मी लावले होते. नंतर मला एवढंच, की गुरु, तुझ्या पायाला भिंगरी बांधूनच आईनं जन्म दिला व्हय रे?

खरं ते अजून लिहिलंच नाही. तुझ्या हाडांतला गाभा बदलावा लागणार, आणि भावाचा, म्हणजे माझा, पूर्ण जुळतोय. संमतीच्या कागदावर सही करतो म्हणालो, चहा पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो, सात रस्ता चौकापर्यंत चालत गेलो आणि तिथनं थेट स्टेशन. पुण्याची गाडी उभी होती, बसलो. सुईची भीती नव्हती गं. माझ्या हातनं लागलेलं कधी नीट विणलं गेलंय? तुझ्या अंगात माझं काही गेलं आणि तेही बिघडलं तर? मग पुठ्ठ्यांचा आळ तू अंगावर घेतलास ते आठवलं, आणि केमला गाडी थांबली तसा उतरलो. आता परत सोलापूरचं तिकीट काढलंय. हे पत्र पोस्टात टाकत नाही. ते तुझ्या हातात असेल तर मान वर कर, मी खाटेपाशीच उभा असेन, सही करून आलेला.

तुझाच, पायाची भिंगरी सोडून ठेवलेला,
गुरु