अर्ध्या धोंड्यावरून उठलेले जावई आणि दूध संस्थेचं सॉफ्टवेअर

मांडवगण फराटा

नवनाथराव व्याही, दौंड, यांना हौसरावाचा रामराम. तुमचा गुडघा आणि विहीणबाईंचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा करतो. मोनाली अजून इकडे माहेरीच आहे, तब्येतीने उत्तम आहे.

धोंड्याच्या जेवणात आम्ही जावयाचा अपमान केला, असं तुम्ही फोनवर म्हणालात. साफ खोटं. स्वराजरावांना चांदीचं वाण दिलं, तूप तर मी स्वतः वाढलं. फक्त त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्या दूध संस्थेने डोळे झाकून घ्यावं, हे वाण दिलं नाही आणि देणारही नाही. (घरी मी सासरा, संस्थेत चेअरमन.) गाय घेताना आम्ही आधी धार काढून बघतो. म्हणून सॉफ्टवेअरही पहाटेच्या संकलनाला उभं केलं. आमच्या सभासद दगडाबाईंनी दूध ओतलं, तर कॉम्प्युटर त्यांच्याकडे ओटीपी मागू लागला. त्यांचा फोन नातवाकडे, नातू कारखान्यात कामाला (तिथे फोन गेटवरच जमा), आणि मागे किटल्या घेऊन अर्धं गाव खोळंबलेलं. दगडाबाई म्हणाल्या, "पाव्हणं, म्या हितं उभी हाय आन् ह्यो मला फोनात हुडकतोय व्हय?" स्वराजरावांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली, हे मान्य.

चूक एवढीच, की पुढचा प्रश्न मी जेवताना विचारला. उद्या तुमची कंपनी बंद पडली किंवा आपलं जमेनासं झालं, तर सभासदांच्या दुधाची सगळी माहिती आम्हाला परत मिळेल का? ते म्हणाले, आपल्या माणसांत असलं काय लिहून घ्यायचं? मी म्हणालो, आपल्याच माणसाकडून लिहून घ्यायचं, परक्यावर दावा तरी ठोकता येतो. (अजूनही मला हे बरोबरच वाटतं.) त्यावर जावई अर्ध्या धोंड्यावरून उठले. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण दूध ज्यांचं, त्याची माहितीही त्यांचीच. सगळा दौंड तालुका समजवायला आला तरी मी हटणार नाही.

आपला,
हौसराव

ता.क. : इतर कंपन्यांची सॉफ्टवेअरंही पहाटे उभी केली. एकही टिकलं नाही. स्वराजरावांचंच चांगलं आहे. हे मी म्हणालो असं त्यांना सांगू नका.

आणखी ता.क. : माहिती परत देण्याची ओळ करारात तुमच्या सूनबाईंनीच घातली आहे. नवऱ्याची सही झाल्याशिवाय मोनाली दौंडला यायला तयार नाही. तेव्हा कृपा करून जावयांना सहीला पाठवा. काल मी तिला म्हणालो, जाऊ दे, ती ओळ खोडून टाकू. तेव्हापासून ती माझ्याशीही बोलत नाही.